हिरोच्या पोटात

इतिहास लिहायचा तर तो गडकोटांचा, घराण्यांचा किंवा गेला बाजार एखाद्या ग्रामदैवताचा लिहावा, असा आपल्याकडे संकेत आहे. दोन काड्यापेट्या एकावर एक ठेवल्या की होईल एवढ्या वस्तूचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाकडे लोक जरा काळजीनेच बघतात. त्यातून तो माणूस बँकेतला कारकून आणि शिक्षणाने बी. कॉम. असेल तर घरचेही बघतात. आम्हां वाणिज्यवाल्यांचा इतिहासाशी संबंध येतो तो एवढाच, की पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून पुढे' असं लिहून एक आकडा मांडायचा. मागच्या पानावर कुणी कुणाला बुडवलं, कोण तरलं, ते सगळं त्या एका आकड्यात आलं. आता तेही काम संगणक करतो. त्यामुळे असल्या इतिहासाला माझ्याकडे वेळ आहे.

तर वस्तू अशी : ॲक्शन कॅमेरा. रविवारी लोहगड चढताना एखाद्या तरुणाच्या कपाळावर जो तिसरा डोळा दिसतो, किंवा सिग्नलला आपल्या शेजारी येऊन थांबलेल्या मोटारसायकलवाल्याच्या हेल्मेटला हनुवटीपाशी जो चौकोनी मस उगवलेला असतो, तो हा. छातीला बांधतात, सायकलच्या दांडीला लावतात, कुत्र्याच्या पाठीवरही चढवतात. त्यासाठी खास कुत्र्याच्या मापाचा पट्टा मिळतो. भाच्याने नवा घेतला तेव्हा मी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "अरे, ह्यातून बघायचं कुठून?"

"मामा, बघायचं नसतं. लावायचा आणि विसरायचा."

मला हे उत्तर फार लागलं. कॅमेरा निघाल्यापासून माणूस एक डोळा मिटून दुसरा त्याला लावत आला. फोकस कर, उजेडाचा अंदाज घे, नेम धर, श्वास रोखून हात स्थिर ठेव, एवढी कामं त्या एका डोळा लावणाऱ्या माणसाकडे होती. तो माणूसच काढून टाकला तर ही कामं करतं कोण? आमच्या बँकेत कुणी निवृत्त झालं की जागा भरत नाहीत, त्याची कामं उरलेल्यांत वाटून देतात. ह्या कॅमेऱ्याच्या पोटात नेमकं तेच झालेलं आहे.

पण आधी पूर्वजांना नमस्कार.

जॉर्ज ग्रीनो नावाचा कॅलिफोर्नियाचा एक लाटांवर स्वार होणारा गृहस्थ. मोठी लाट फुटताना आतून तिची पोकळ नळी होते, आणि फळीवर बसून त्या नळीतून निसटणं हा त्या लोकांचा परमानंद. किनाऱ्यावर तिपाईवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला हा आनंद दिसत नाही. त्याला दिसते नुसती लाट. म्हणून ग्रीनोने सिनेमाचा कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पेटीत घातला, पेटी पाठीला बांधली आणि लाटेत शिरला. वजन अठ्ठावीस पौंड, म्हणजे पावणेतेरा किलो. आमच्या घरचा दळणाचा डबा भरून दहा किलोचा होतो, आणि तो कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत नेताना मी दोन ठिकाणी टेकवतो. ह्या माणसाने तेरा किलो घेऊन लाटेच्या पोटात जाऊन चित्रण केलं आणि १९७० साली त्याचा चित्रपट लोकांनी पाहिला. लाट आतून कशी दिसते हे कोरड्या कपड्यांतल्या माणसांना तेव्हा कळलं.

दुसरे पूर्वज सॅन डिएगोचे, मार्क शुल्झ. १९८६ साली त्यांना डोंगरातली सायकलस्वारी स्वाराच्या डोळ्यांनी दाखवायची होती. त्यांनी मोटारसायकलच्या हेल्मेटवर व्हिडिओ कॅमेरा बसवला, त्याची वायर खाली आणली आणि पाठीवरच्या पिशवीत चक्क व्हीसीआर ठेवला. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना व्हीसीआर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गणपतीत आमच्या चाळीत तो एका रात्रीसाठी भाड्याने येई, तीन कॅसेटींसकट. रिक्षातून तो मांडीवर घेऊन येणाऱ्या माणसाला नवरदेवाचा मान असे, आणि "हळू घ्या हो खड्ड्यातून" असं तो सबंध रस्ताभर रिक्षावाल्याला विनवत असे. ते यंत्र पाठीवर घेऊन हा मनुष्य दगडधोंड्यांतून सायकल हाणत उतारावरून खाली आला.

म्हणजे कल्पना जुनीच होती. जड होतं ते सामान.

आता आपल्या कथेचा नायक. निक वुडमन, जन्म १९७५, तोही कॅलिफोर्नियाचा. ह्याच्या खात्याचा उतारा मी कारकुनाच्या नजरेने पाहिला. आधीचा धंदा इंटरनेटवरच्या खेळांचा. तो २००१ साली बुडाला आणि त्यात गुंतवणूकदारांचे ३९ लाख डॉलर गेले. असा अर्जदार आमच्या शाखेत कर्जासाठी आला असता तर मॅनेजरसाहेबांनी त्याला चहासुद्धा अर्धाच सांगितला असता. धंदा बुडालेला माणूस आपल्याकडे देवदर्शनाला जातो; वुडमन २००२ साली ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाला लाटांवर खेळायला गेला. जाताना फळीच्या तुटलेल्या दोरीला रबरबँडं लावून मनगटावर कॅमेरा बांधायचा एक पट्टा त्याने तयार केला होता. पट्टा धड टिकेना, टिकला तर कॅमेरा टिकेना. परत आल्यावर त्याने आईचं शिवणयंत्र घेतलं आणि पट्टे शिवायला बसला. भांडवलासाठी बालीत एक डॉलर नव्वद सेंटला एक असे घेतलेले शिंपल्यांचे कंबरपट्टे गाडीतून साठ डॉलरपर्यंत विकले. ह्या व्यवहारातला नफ्याचा टक्का मी तीनदा काढून पाहिला, तीनही वेळा तोच आला. बाकीचे दोन लाखांहून जास्त डॉलर आईवडिलांनी दिले.

ह्यात एक गोष्ट माझ्या मते फार मोलाची आहे आणि ती लोक गडबडीत सोडून देतात. ह्या माणसाने कॅमेरा शोधून काढलेला नाही. त्याने शोधून काढला तो पट्टा. २००४ साली 'गोप्रो' ह्या नावाने जो पहिला माल बाजारात आला, तो एका चिनी कंपनीने बनवलेला साधा ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा कॅमेरा होता, पाण्यात चालेल अशा प्लास्टिकच्या डबीत घातलेला. वुडमनचा होता तो पट्टा, डबीतले थोडे फेरफार, आणि नाव. नाव ठेवलं 'हिरो'.

हे नाव का, ते समजायला फार लांब जायला नको. लाटेवरच्या पोरांची अडचण अशी, की लाटेच्या जवळ जाऊन फोटो काढायचा तर काढणाराही तेवढाच पट्टीचा हवा. आणि जो पट्टीचा, त्याने कॅमेरा हातात घेतला की तो फोटोत नाही. ज्याचा फोटो निघायला हवा तोच फोटो काढतो आहे.

ही अडचण आमच्या घरात समुद्र नसतानाही होती. वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनलेला काळा डबा, एका रोळात बारा फोटो, आणि करायचं काय तर उन्हाचं चित्र की ढगाचं चित्र एवढं ठरवून खटका दाबायचा. सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी असावा, हा त्या काळचा नियम; वडील नियम पाळणारे होते. त्यामुळे १९८६च्या महाबळेश्वरच्या फोटोत आई आहे, आत्या आहे, मक्याचं कणीस धरलेला मी आहे, कुणाचा तरी घोडा आहे. वडील नाहीत. फोटोच्या तळाशी गवतावर एक लांब सावली आहे, दोन्ही कोपरं दुमडून चेहऱ्याशी काही तरी धरलेली. पाच अल्बम आहेत आमच्याकडे. वडील गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधताना रात्री दोन वाजेपर्यंत मी आणि ताई ते पाचही चाळत बसलो होतो. सावल्या पुष्कळ सापडल्या. शेवटी पेन्शनच्या कागदांवरचा पासपोर्ट साइज फोटो मोठा करून घेतला. गालावर शिक्क्याची निळी कड आली आहे, ती फोटोवाल्याला पुसता आली नाही.

असो. आता पोट उघडू.

निवृत्त माणसाचं पहिलं काम फोकस आणि नेम. ही दोन्ही कामं भिंगाकडे दिली, आणि गंमत म्हणजे ती 'क्लिक थ्री'च्याच पद्धतीने. किंबहुना कोडॅकच्या १९००च्या, एका डॉलरला मिळणाऱ्या ब्राउनी डब्याच्या पद्धतीने : फोकस करायचाच नाही. भिंग कायमचं एका जागी घट्ट. ॲक्शन कॅमेऱ्याचं भिंग तर त्याच्या मागच्या सेन्सरपासून, म्हणजे चित्र पडतं त्या चकतीपासून, जेमतेम तीनेक मिलिमीटरवर काम करतं, आणि अंतर इतकं कमी असलं की हातभर लांबीपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं एकदम बऱ्यापैकी स्पष्ट येतं. फोकस करायला मोटर नाही, मोटर नाही म्हणून आपटल्यावर बिघडणारा भाग नाही. नेमाचाही प्रश्न असाच मिटवला. २००८-०९च्या सुमारास त्यांनी १७० अंशांचं भिंग बसवलं. म्हणजे समोरचं जवळजवळ अर्धं जग चौकटीत येणारच. नेम चुकायला जागा कुठे आहे?

ह्याची किंमत मोजावी लागते, नाही असं नाही. क्षितिज पोळपाटाच्या कडेसारखं वाकतं. जवळचं फार मोठं आणि लांबचं फार लहान होतं. भाच्याने राजगडावर काढलेल्या फोटोत त्याचं नाक भरताच्या वांग्याएवढं आणि बालेकिल्ला दिवाळीत पोरं अंगणात मातीचा करतात तेवढा आला आहे.

भिंगाच्या मागे सेन्सर. चिंचोक्याहून लहान. पुढे पुढे तर त्यावर सव्वा कोटीच्या आसपास ठिपके बसले, आणि प्रत्येक ठिपक्याचं काम पडलेला उजेड मोजायचं. हा इतिहास बेल प्रयोगशाळेतून सुरू होतो. १९६९ साली बॉइल आणि स्मिथ ह्या दोघांनी तिथे सीसीडी काढला. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल मिळालं, म्हणजे चाळीस वर्षांनी. आमची थकबाकी ह्यापेक्षा लवकर मिळाली होती. सीसीडीची रीत अशी, की प्रत्येक ठिपक्याने आपला उजेडाचा हिशेब शेजारच्याच्या हाती द्यायचा, त्याने पुढच्याच्या, असं करत करत सगळे हिशेब कोपऱ्यातल्या एकाच खिडकीशी यायचे. जुन्या बँकेची ही पद्धत. दहा काउंटर, कॅशियर एक. काम चोख; पण ढकलाढकलीत वीज फार खर्च होते.

१९९०नंतर अमेरिकेच्या अवकाश संस्थेच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसम ह्या माणसाला यानांवर पाठवायला हलका, कमी वीज खाणारा कॅमेरा हवा होता. त्याने प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतःचा छोटा वर्धक दिला. दर काउंटरला आपला कॅशियर! शिवाय हे सगळं साध्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात बनू लागलं, त्यामुळे स्वस्त झालं. ग्रहांकडे जाणाऱ्या यानांसाठी काढलेली ही युक्ती पुढे खिशातल्या फोनमध्ये आणि आता सिग्नलला शेजारी थांबणाऱ्याच्या हनुवटीवर येऊन बसली.

तिच्यात एक खोड आहे. हा सेन्सर सगळे ठिपके एका क्षणी वाचत नाही. वरची ओळ आधी, मग तिच्या खालची, असा तो टाचणीने जागा धरून वाचणाऱ्या ऑडिटरसारखा खाली खाली येतो. तेवढ्यात समोरची वस्तू सरकली तर वरचं अंग आधीच्या जागी आणि खालचं नंतरच्या जागी. धावत्या गाडीतून विजेचे खांब तिरपे येतात, विमानाचा पंखा केळ्याच्या घडासारखा येतो आणि थरथरत्या मोटारसायकलवरून सबंध रस्ता जेलीसारखा डुलतो. पुढे पुढे वाचनाचा वेग वाढला आणि डुलणं कमी झालं. पूर्ण गेलेलं नाही.

आता खरा पराक्रम. २००६च्या पहिल्या डिजिटल हिरोची चित्रफीत दहा सेकंदांची होती आणि तीही मुकी. २००९-१० साली एकदम पूर्ण एचडी आलं. मी कागदावर हिशेब मांडला. एका चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, सेकंदाला तीस चित्रं. म्हणजे सेकंदाला सहा कोटी बावीस लाख आठ हजार ठिपके, प्रत्येकाचे तीन रंग वेगळे. एवढी आवक नखाएवढ्या मेमरी कार्डात भरायची, आणि कार्डाचं दार तर चिंचोळं. आमच्या शाखेत एक तारखेला पेन्शनर मंडळी येतात तेव्हा दारात होतं ते दृश्य डोळ्यांपुढे आणा.

हे काम केलं अँबरेला नावाच्या कंपनीच्या चिपने. २००४ साली निघालेली ही कंपनी आधी दूरचित्रवाणी केंद्रांना लागणारी यंत्रणा बनवत होती. तिची युक्ती (२००३ साली ठरलेल्या एका सर्वमान्य पद्धतीवर आधारलेली) कुठल्याही लेजर कारकुनाला ताबडतोब पटेल. ग्राहकाचं सबंध खातं आपण दर व्यवहाराला नव्याने लिहून काढतो का? आरंभीची शिल्लक एकदा मांडतो, पुढे फक्त जमा आणि नावे. तसंच इथे. एक चित्र पूर्ण ठेवायचं, आणि पुढच्या चित्रांत फक्त फरक नोंदवायचा : आकाश तिथेच आहे, लिहू नका, झाड दोन ठिपके डावीकडे सरकलं, तेवढं लिहा. थोड्या वेळाने पुन्हा एक पूर्ण चित्र, म्हणजे वर्षअखेरचा ताळेबंद. ह्या पद्धतीत चित्रफितीचा आकार एवढासा होतो.

पण ॲक्शन कॅमेऱ्याच्या नशिबी स्थिर आकाश कुठलं? लाट उडते आहे, पानं हलतात, कॅमेरा स्वतः गडगडतो आहे. प्रत्येक खात्यात प्रत्येक क्षणी व्यवहार! त्यामुळे ह्या चिपला दिवाणखान्यात वाढदिवस टिपणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त राबावं लागतं. २०१७पासून गोप्रोने स्वतःची वेगळी चिप करून घेतली.

आणि राबणारा तापतो. ह्या कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं दुखणं उष्णता आहे. पाणी आत येऊ नये म्हणून डबी बंद; मग आतली ऊब बाहेर जाणार कुठून? पंखा बसवायला जागा नाही. एक धातूचा पत्रा चिपला चिकटवून ऊब अंगावर पसरवतात आणि बाहेरच्या वाऱ्यावर सोडून देतात. म्हणून तो धावत्या सायकलवर थंड राहतो, आणि सत्यनारायणाची पूजा टिपायला टेबलावर ठेवला की तिसऱ्या अध्यायाला बंद पडतो. बॅटरीही डबीच्या मापाचीच, तासा-दीड तासात संपणारी. गंमत अशी, की माणूस काढून टाकून वाचवलेल्या जागेत सगळ्यात जास्त जागा ह्या बॅटरीनेच खाल्ली आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. भाच्याचा कॅमेरा (त्याचं नाव गाव सांगत नाही) कोकणात समुद्रात गेला आणि आंधळा होऊन वर आला. दुरुस्तीवाल्याकडे मी बरोबर गेलो होतो. गल्लीतलं दुकान, दुकानदार पंचविशीचा. त्याने केस वाळवायच्या यंत्राने कॅमेऱ्याच्या तोंडाला शेक दिला, गिटार वाजवायची पट्टी फटीत घातली आणि आंबा सोलावा तसं पुढचं कवच सोललं. आत काय असेल असं मला वाटलं होतं कोण जाणे. पण हिरव्या पट्ट्या घडी घालून एकमेकींवर ठेवलेल्या, मध्ये तो धातूचा पत्रा, आणि हलणारा असा एक भाग म्हणाल तर शपथेला नाही. दुकानदाराने चिमट्याने बॅटरीच्या दाराची रबरी कड काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर वाळूचा एक कण होता.

"काका, ह्याने मारला."

रबराच्या कडीचं असं आहे. एका डॅनिश माणसाने १९३९ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. खाचेत बसवलेली गोल रबरी कडी; बाहेरचा दाब वाढला की ती खाचेत अधिकच घट्ट दाबली जाते. म्हणजे पाणी जितकं जोर करील तितका दरवाजा जास्त बंद. १९६०च्या सुमाराला पाणबुड्यांचे कॅमेरे ह्याच कडीवर निघाले आणि गोप्रोच्या पारदर्शक पेट्याही ह्याच कडीवर. २०१५-१६च्या सुमारास ती बाहेरची पेटीच काढून टाकली आणि कॅमेरा स्वतःच दहा मीटर खोलीपर्यंत पाण्यात जाऊ लागला. पण कडीची अट एकच : मध्ये काही नको. प्रेशर कुकरच्या गॅस्केटला भाताचं शीत चिकटलं तर काय होतं ते आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. पण ते कुकरच्या बाबतीत.

निवृत्त माणसाचं शेवटचं आणि अवघड काम म्हणजे हात स्थिर ठेवणं. बरीच वर्षं हे काम कुणी घेतलंच नाही. त्या काळातल्या हेल्मेटवरच्या चित्रफिती बघताना पाहुण्यांना पोटात ढवळायचं, आणि ते चहा न घेताच उठायचे. मग चिपच्या शेजारी एक तोलमापक येऊन बसला, सिलिकॉनचा, तिळाएवढा. त्याच्या आत एक सूक्ष्म वजन सारखं थरथरत असतं. कॅमेरा वळला की थरथर बाजूला ढळते आणि किती ढळली ते मोजलं जातं. सेन्सर टिपतो मोठं चित्र, आपल्याला देतात त्यातलं जरा लहान, आणि कडेचा समास राखून ठेवतात. कॅमेरा डावीकडे हिसकला की चौकट त्या समासात तेवढीच उजवीकडे सरकवायची. २०१८ साली गोप्रोने हे इतकं साधलं, की घोड्यावरून काढलेली फीत पालखीतून काढल्यासारखी दिसू लागली. काही जुन्या लोकांची तक्रार आहे की आता घोडा खोटा वाटतो. मला त्यांचं पटतं. राजगडाचा चोरदरवाजा उतरताना भाच्याचे गुडघे लटपटत होते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फितीत तो पेशव्यांसारखा उतरताना दिसतो.

वाणिज्याचं थोडं सांगून संपवतो, नाही तर आमच्या शाखेतले लोक नाव ठेवतील. जून २०१४मध्ये गोप्रोचा शेअर चोवीस डॉलरला बाजारात आला आणि ऑक्टोबरात नव्वदीपार गेला. २०१६ साली त्यांनी उडता कॅमेरा काढला. तो हवेत असतानाच वीज तुटून खाली पडू लागला, तेव्हा पंधरा-सोळा दिवसांत विकलेले सगळे, सुमारे अडीच हजार, परत मागवावे लागले. दरम्यान फोनमधले कॅमेरेही चांगले झाले, पाण्यात भिजून टिकू लागले. चीनमधल्या शेन्झेनच्या दोन कंपन्या, डीजेआय आणि इन्स्टा ३६०, मैदानात उतरल्या. २०२५ साली गोप्रोचा शेअर एका वेळी एका डॉलरच्याही खाली आला होता. पट्टा शिवणाऱ्याकडे पट्टा राहिला. पोटातले भिंग, सेन्सर, चिप, कडी हे सगळं बाजारात कुणालाही मिळतच होतं. कॅमेऱ्याच्या दोन बोटांत पट्ट्याची तीन बोटं गुंतवून आडवा स्क्रू पिळायचा, ही त्यांची बिजागरी मात्र आता ज्याच्या-त्याच्या कॅमेऱ्याला चालते. मला विचाराल तर त्या शोधाची तेवढी नोंद इतिहासाने ठेवावी.

डीजेआयने २०१९ साली कॅमेऱ्याच्या तोंडावर छोटा पडदा बसवला, म्हणजे समोर उभ्या माणसाला आपण कसे दिसतो ते कळावं. पुढच्या वर्षी गोप्रोनेही बसवला. इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या मागे असलेला डोळा असा वळसा घालून पुढे आला. आणि आता तर दोन भिंगं पाठीला पाठ लावून बसवलेले कॅमेरे निघाले आहेत. दोन्ही मिळून आकाशापासून जमिनीपर्यंत चहूबाजूचं एकदम टिपतात, आणि कुणीकडे बघायचं होतं ते घरी आल्यावर निवांत ठरवायचं. दोन चित्रं जिथे शिवतात तिथे मधली बारीक पट्टी दोघांनाही दिसत नाही. कॅमेरा ज्या काठीवर लावतात, ती काठी नेमकी ह्या पट्टीत येते आणि चित्रातून नाहीशी होते.

गेल्या दिवाळीत भाच्याने असा कॅमेरा आणला होता. आम्ही सगळे गणपतीपुळ्याला गेलो, आणि घरी आल्यावर टीव्हीवर फीत लावली. आई खुर्ची पुढे ओढून बसली. फितीत ती स्वतः होती, मी होतो, ताई होती, समुद्र होता, देऊळ होतं, आणि सगळ्यांच्या पुढे एक हात वर उंचावून चाललेला भाचा. हातात काही नाही.

आईने दोनदा चष्मा पुसला.

"हा असा हात वर करून का चाललाय रे? आणि फोटो कोण काढतंय?"

"तोच काढतोय," मी म्हटलं.

"तो तर इथं दिसतोय."

"हो."

आईने टीव्हीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि भाच्याला म्हणाली, "परत लाव रे एकदा."